ऐकलेलं वाक्य

"केविलवाणा. एकच वाक्य आणा, पण ऐकलेलं आणा. आणि कुत्र्याचं पिल्लू नको."

दाजीसाहेब रिसबुडांनी कोरं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. समोरून लेले हसले.

"दाजी, मांजर चालेल का?"

"केविलवाणं मांजर मी अजून पाहिलेलं नाही," दाजी म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

त्या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावात एका पेढीच्या माडीवर कोशाची कचेरी होती. दाजी, लेले आणि मी, एवढीच माणसं. कोश बोलीचा. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि तो वापरलेलं वाक्य. मागच्या बाजूला ते वाक्य कोण बोललं, त्याचा धंदा, ठिकाण आणि तारीख. मनाने रचलेलं वाक्य दाजींना अजिबात चालत नसे. घरच्या माणसांचं नाही आणि कचेरीतल्या माणसांचंही नाही. ती आपल्यासमोर जपून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही मंडईत, घाटावर, एसटी स्टँडवर कान उघडे ठेवून हिंडायचो.

"केविलवाणा"साठी मी सहा दिवस हिंडले होते. लोक "बिचारा" म्हणत, "रडवेला" म्हणत, "गरीब गाय" म्हणत. केविलवाणा म्हणायला कुणी तयार नव्हतं. आणि मंगळवारी "के"चा खण बंद करून छापखान्यात जायचा होता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. लग्न झालं नव्हतं, आई आणि मी दोघीच. सकाळी पोथीचा एक अध्याय, तुळशीला पाणी, गुरुवारी नदीपलीकडे दत्ताच्या देवळात जाऊन येणं, हे माझं वर्षभराचं. त्या चातुर्मासात आणखी एक नेम धरला होता. देवापुढे मूठभर तांदूळ ठेवून म्हटलं होतं, चार महिने तोंडातून खोटा शब्द काढणार नाही. नेम सोपा वाटला होता. मी मुळातच कमी बोलणारी.

तो श्रावणातला सोमवार होता. दुपारी लेले छापखान्यात गेले होते, तेव्हा दाजींचा मुलगा आला. मुकुंद. पलूसच्या बाजूला एका खेड्यात शाळामास्तर होता. मागच्या श्रावणात त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तेव्हापासून मी त्याला दोनदाच पाहिलं होतं. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, दाढी चार दिवसांची. मला नमस्कार करून तो दाजींच्या खोलीत गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. बापलेकांचं बोलणं ऐकू नये म्हणून मी कार्डांवरच्या तारखा तपासत बसले.

पाच मिनिटांत तो बाहेर आला. मी जिन्यातल्या माठातून पाणी घेत होते. तो माझ्यापाशी थांबला.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

त्याने फुलपात्र घेतलं, हातात धरून ठेवलं, प्यायला नाही.

"ताई, तुम्ही गुरुवारी पलीकडे दत्ताला जाता ना?"

"हो."

"पूर आला की पलीकडची माणसं काय करतात?"

"राहतात तिथंच. पुजारी आणि दोन-चार बैरागी असतात. पाणी उतरेपर्यंत कुणी जात नाही, कुणी येत नाही."

"बरं आहे," तो म्हणाला. "आज नाव चालू आहे?"

"असेल. पण पाणी चढतंय. आता नका जाऊ."

"नाही, सहज विचारलं." फुलपात्र तसंच भरलेलं कट्ट्यावर ठेवून तो जिना उतरून गेला.

संध्याकाळी उपास सोडून मी कार्ड घेऊन बसले. डोळ्यांपुढून त्याचं तोंड हलेना. केविलवाणा म्हणजे काय ते मला त्या जिन्यात दिसलं होतं, पण दिसलेलं चालत नाही, ऐकलेलं लागतं. मग मी लिहिलं: "कोल्लापूरच्या गाडीत एक मास्तर चढत हुता. त्येचं त्वांड इतकं केविलवाणं, म्या आपनहून पिशवी टपावर टाकून दिली बगा." मागे लिहिलं: यमनाप्पा, हमाल, एसटी स्टँड. खाली त्या दिवसाची तारीख. यमनाप्पाला मी येता-जाता पाहत असे. माझ्याशी तो कधी चार शब्दांच्या वर बोलला नव्हता.

खोटं बोलणार नाही म्हटलं होतं, लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. अशी मी मनाची समजूत घातली, देवाला नमस्कार केला आणि झोपले. झोप लागलीसुद्धा.

मंगळवारी दाजी अकरा वाजता आले. एरवी साडेनवाला खुर्चीवर असणारा माणूस. टोपी हातात, धोतराचा सोगा भिजलेला.

"मुकुंद काल घरी आला नाही," ते लेल्यांना म्हणाले. "इथून बाहेर पडला तो गेलाच. शाळेतही नाही, मी माणूस पाठवला होता."

लेले उभे राहिले. "येईल हो दाजी. मित्राकडे गेला असेल."

"त्याला मित्र कुठले?"

माडीच्या खिडकीतून नदी दिसत नसे, पण पाणी चढलं की तिचा घोंगावल्यासारखा आवाज येई. त्या दिवशी तो येत होता. पूर आला की पलीकडची माणसं काय करतात? आज नाव चालू आहे? ही दोन वाक्यं माझ्या कानात फिरायला लागली. मला ती दाजींना सांगायची होती. पण नदीचं नाव काढायचं म्हणजे त्या बापापुढे काय काढायचं, याने जीभ उचलेना.

दाजींनी सवयीने टेबलावरची कार्डं हातात घेतली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नसावं. एक वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला. कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"अनसूयाबाई, ही कालची तारीख आहे."

"हो."

"काल संध्याकाळी यमनाप्पाने सांगितलं हे?"

मी मान हलवली. तोंडातून शब्द काढला नाही. नेम मोडू नये म्हणून मी मान हलवली.

दाजींच्या चेहऱ्यावर एकदम रक्त आलं. "कोल्हापूर! सासुरवाडीला गेला तो. तिच्या आईकडे गेला. लेले, ऐका हे." त्यांनी वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "म्या आपनहून पिशवी टपावर टाकून दिली. कुणीतरी त्याची पिशवी उचलून दिली हो, लेले."

कार्ड खिशात घालून, छत्री घेऊन ते जवळजवळ धावतच खाली गेले. लेले खिडकीशी उभे राहून म्हणाले, "बघा अनसूयाताई, आपण एवढी वर्षं कार्डं लिहितो, पहिल्यांदा कुणाच्या उपयोगाला आलं."

मी म्हणाले, "डोकं दुखतंय, घरी जाते."

डोकं दुखत नव्हतं. नेम तिथंच मोडला, तोही इतक्या फालतू कारणासाठी.

घरी मी पोथी उघडली. एकच ओवी डोळ्यांसमोरून पुन्हा पुन्हा जात होती. आई म्हणाली, "अगं, पान उलट." मला घाटावर जायचं होतं आणि घाटावर जाण्याचीच भीती वाटत होती. तिथे गर्दी दिसली तर? पाण्याकाठी माणसं उभी असली, कुणी कुणाला बोटाने काही दाखवत असलं तर? त्यापेक्षा तो कोल्हापूरलाच गेला असेल. मी लिहिलेलं खरंच असेल. देव माझ्या हातून खरंच लिहून घेईल, असा वेडा विचारसुद्धा मनात आला. संध्याकाळी लेल्यांचा निरोप आला: दाजी परत आले. मुकुंद कोल्हापुरात नाही.

बुधवारी सकाळी मी कचेरीला निघाले. वाट एसटी स्टँडवरूनच. स्टँडच्या चौकीपुढे दहा-बारा माणसं उभी होती. आत यमनाप्पा भिंतीला टेकून खाली बसला होता. मुंडासं मांडीवर.

"पुन्ना एकदा सांग," जमादार म्हणत होता. "पिशवी टपावर टाकलीस, मग ती गेली कुठं? कंडक्टर म्हणतो, असा माणूसच गाडीत नव्हता. काय केलंस त्या मास्तरचं?"

"सायेब, म्या त्येला बगितलाच न्हाई. सोमवारी सांजच्याला म्या लेकीकडं गेलतो."

"मग हे बोललं कोण? तुझ्या नावानं लिहिलंय इथं." जमादाराच्या हातात माझं कार्ड होतं, दाजींनी रात्री वर्दी देताना दिलेलं.

"मला काय लिवलेलं वाचाया येतंय व्हय, सायेब?" तेवढ्यात त्याला मी दिसले. त्याच्या तोंडावर हायसं वाटल्यासारखं दिसलं. "ह्या बाईस्नी इचारा! रोज जात्यात हितनं. ताई, सांगा की. म्या कवा कुनाच्या पिशवीला वाकडा हात लावलाय का?"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. चौकीची पायरी चढले, पण आवाज निघाला तो माझा मलाच ऐकू येईना.

"त्यांना सोडा. ते काही बोललेले नाहीत. मी लिहिलं ते."

"मोठ्यानं बोला. काय लिहिलं?"

"वाक्य."

"कसलं वाक्य?"

"शब्दाचं. केविलवाणा या शब्दाचं वाक्य लागत होतं. मी मनाने रचलं, आणि यांचं नाव घातलं."

जमादार माझ्याकडे पाहतच राहिला. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्या बाईचं हे असलं काम?" जमादाराने कार्ड टेबलावर टाकलं. "बाई, हे शब्दाबिब्दाचं आमच्या डोक्यावरनं जातंय. ज्यांचा मुलगा हरवलाय त्यांना येऊन सांगू द्यात, मग ह्याला सोडतो."

यमनाप्पा उठला नाही, ओरडला नाही. "माजं नाव कशापायी घातलं ताई?" एवढंच त्याने विचारलं.

"चुकले," मी म्हणाले. "घेऊन येते त्यांना."

दाजींचं घर चार गल्ल्या पुढे. मुकुंदची आई, माईकाकू, ओसरीवर भिंतीशी बसल्या होत्या. समोर निवडायला घेतलेल्या तांदळाचं सूप, हात सुपात, पण हात हलत नव्हते. दाजी उभेच होते.

"ये अनसूया," माईकाकू म्हणाल्या. "काही कळलं का गं?"

मी त्यांच्या पाया पडले आणि खालीच बसून राहिले. त्या स्थितीतच सगळं सांगितलं. यमनाप्पा काही बोलला नव्हता, कोल्हापूरची गाडी माझी, टपावरची पिशवी माझी. मग जिन्यातलं खरं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द. "आज नाव चालू आहे?" हे सांगताना माईकाकूंच्या हातून सूप कलंडलं. तांदूळ ओसरीभर पसरले.

"म्हणजे कालपासून," दाजी म्हणाले, "कालपासून आम्ही उलट्या दिशेला..."

मी वाट पाहत होते ते रागावण्याची. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"वाक्य चांगलं होतं," ते हळूच म्हणाले. "म्हणून फसलो मी. पण अनसूयाबाई, सहा दिवस तुम्हांला तो शब्द मिळत नव्हता. मग सोमवारीच कसं सुचलं? कानावर पडल्याखेरीज असं लिहिता येत नाही. कुठेतरी ऐकलं असणार तुम्ही."

मी मान खाली घातली. हेच मला सांगायचं नव्हतं. कार्डावर लिहायला जी खरी ओळ होती, जी सोमवारी दुपारी लोटलेल्या दारातून मला स्वच्छ ऐकू आली होती, आणि जी कचेरीतल्या माणसाची म्हणून चालणार नाही असं मी स्वतःला सांगितलं होतं, ती ओळ.

"ऐकलं होतं," मी म्हणाले.

"कुणाच्या तोंडून?"

"तुमच्या."

माईकाकूंनी दाजींकडे तोंड वळवलं.

"काय म्हणालात तुम्ही त्याला?" माईकाकूंनी विचारलं. दाजी सांडलेल्या तांदळाकडे पाहत राहिले. "अनसूया, तू सांग. तुझा तो नेम आहे ना खऱ्याचा? सांग."

"मुकुंद म्हणाला, बाबा, मुलांसमोर उभं राहवत नाही, महिनाभर घरी राहू का? तर..." मी दाजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून सांग म्हटलं. "तर दाजी म्हणाले, वर्ष झालं आता. असं केविलवाणं तोंड घेऊन माझ्या दारात यायचं नाही. आधी माणसासारखा हो, मग घरी ये."

माईकाकूंनी पदर तोंडावर घेतला. मग पदर काढला तेव्हा डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी साधा, जेवायला वाढू का असं विचारावं तसा.

"अहो, घाटावर जा."

"जातो."

"सापडला तर एक शब्द बोलायचा नाही त्याच्याशी. का गेलास, असं नाही. कसा आहेस, असंसुद्धा नाही. तुमच्या शब्दांची मला आता भीती वाटते. नुसतं घेऊन या. वचन द्या."

"दिलं," दाजी म्हणाले. त्यांनी टोपी घातली, ती उलटी बसली होती.

वाटेत चौकी लागली. दाजींनी जमादाराला सांगितलं, आमची चूक झाली, याला सोडा. आणि मग यमनाप्पाला सगळ्यांसमोर हात जोडले. यमनाप्पाने मुंडासं झटकून डोक्याला गुंडाळलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. दाजींना म्हणाला, "घाटावर दादू आंबी असंल. नाव त्योच चालवतोय. त्येला इचारा." आणि स्टँडकडे निघून गेला.

घाटाच्या वरच्या सात पायऱ्या तेवढ्या उघड्या होत्या. पाणी तांबडं, जड, मधूनच एखादं झाड मुळासकट वाहत जाई. पलीकडच्या देवळाचा कळस आणि ओवऱ्या दिसत होत्या, मधलं सगळं पाणी. दर गुरुवारी मी ज्या नदीला ओंजळीने अर्घ्य देत होते, तिच्याकडे मला पाहवेना.

नाव पिंपळाला बांधलेली होती. दादू आंबी बुंध्याशी बसून दोर वळत होता.

"सोमवारी दुपारी एक मास्तर आला होता का?" मीच विचारलं. दाजी पाण्याकडे पाहत होते.

"पांडरा शरट? आल्ता की. शेवटच्या खेपंला नेला. म्या म्हनलं, मास्तर, पानी चढतंय, आज म्या परत न्यायाचो न्हाई तुमास्नी. तर म्हनला, चालंल."

"उतरला का तिकडे? नीट उतरला?"

"उतरला म्हंजी? माज्याच हाताला धरून उतरला. देवळाकडं चालत गेला." दादूने आमच्या तोंडांकडे पाहिलं, दोर खाली ठेवला. "त्येच्या फुडचं मला ठावं न्हाई. काल दुपारी पुजाऱ्यानं धूर केल्ता. मानसं किती हायती, त्ये हितनं कसं दिसनार?"

दाजी एक पायरी खाली उतरले. पाणी त्यांच्या चपलांना लागलं.

"मागं सरा, सायेब. सकाळधरनं दोन पायऱ्या उतरलंय, पर जोर हाय अजून."

"मला नेशील?"

"आज? येडं लागलंय व्हय? उंद्या न्हेतो."

"दादू, माझा मुलगा आहे तो."

दादूने पाण्याकडे पाहिलं. थुंकला, हाताने डोळ्यांवर सावली करून पलीकडे बराच वेळ पाहिलं. मग पिंपळाची गाठ सोडायला लागला. "एकच मानूस. बाई न्हाई. आन मदी उठून उबं ऱ्हायाचं न्हाई."

मी पलीकडे पाहत होते. देवळाच्या ओवरीतून कुणीतरी बाहेर आलं. पांढरं काहीतरी. पाण्यापर्यंत उतरलं आणि पायरीवर बसलं, गुडघ्यांना मिठी घालून. माझ्या तोंडून "दाजी!" एवढंच निघालं. त्यांनी आधीच पाहिलं होतं. माणूस एवढाएवढासा दिसत होता, तोंड दिसण्याची सोयच नव्हती, पण बापाला बसणं ओळखायला वेळ लागला नाही.

"आपलाच हाय न्हवं?" दादू म्हणाला. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले. "हाळी घालतो. म्हंजी हलनार न्हाई तिथनं."

दाजींनी त्याचं मनगट धरलं आणि हळूच खाली केलं.

त्यांनी चपला काढून काठावर ठेवल्या, धोतराचा काचा मारला. नावेत बसले, दादूने सांगितलं होतं तसे, मधोमध, दोन्ही हातांनी कड धरून. ओठ घट्ट मिटलेले. दादूने बांबू टेकून नाव लोटली, आणि ती तांबड्या पाण्यात तिरपी, आवाज न करता निघाली.